गोळे आल्याची बातमी

देम्यानचा फोन आला तेव्हा रायसा पावलिव्ना पाचव्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधल्या जिन्यात होती. वीज सकाळी सहालाच गेली होती, त्यामुळे लिफ्ट बंद होती. नवव्या मजल्यावरून उतरताना डावा गुडघा प्रत्येक पायरीला कुरकुरत होता. एका हातात कठडा आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी, पिशवीत बैठकीत घालायचे बरे बूट. फोन वाजत राहिला. तिला वाटलं, नगरपालिकेतून कुलिबाबाच असणार, पाहुणे लवकर आले असतील. नाव न बघताच तिनं फोन उचलला.

"मावशी, आले."

"कोण आले?"

"गोळे आले, मावशी. पहाटे ट्रक आला, भरून. मोजायला दोघं लागले." मग थोडं थांबून, जणू हेही सांगायलाच हवं म्हणून, तो म्हणाला, "खरे आहेत सगळे. धुराचे नाहीत."

रायसा पावलिव्ना पायरीवर बसली. जिन्याच्या खिडकीला काचेऐवजी प्लायवूड ठोकलेलं होतं आणि त्याच्या एका फटीतून उन्हाची बारीक रेघ तिच्या गुडघ्यावर पडली होती. ती त्या रेघेकडे बघत राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं. देम्यान तिच्या मुलाच्या तोफेवरची गाडी चालवणारा, वयानं चोवीस-पंचवीसचा. तिचा मुलगा आर्सेन जाऊन त्या दिवशी शेहेचाळीस दिवस झाले होते.

"बरं झालं," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला दुकानात सुट्टे परत घेताना म्हणतात तसा वाटला.

"मावशी, पोरं म्हणताहेत, पहिल्या गोळ्यावर खडूनं त्याचं नाव लिहायचं. पद्धत आहे आमच्यात. लिहू ना?"

"नको."

"मावशी—"

"त्याचं नाव तिकडे जायला नको, देम्यान. नुसताच टाका."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. ती तशीच बसून राहिली. तेवढ्यात खालून चौथ्या मजल्यावरची लिडिया सेमेनिव्ना पाण्याचे दोन कॅन घेऊन धापा टाकत वर आली आणि तिला बघून थांबली. "ऐकलंत का? मदत मंजूर झाली की हो! तिकडे समुद्रापलीकडे मंजूर झाली, जर्मनही आणखी देणार म्हणे. रेडिओवर सकाळपासून तेच चाललंय. आता बघा कशी जिरते त्यांची! आमचा ईगोर म्हणत होता, आता एक महिना—" आणि मग आपण कोणाशी बोलतोय ते तिच्या लक्षात आलं. तिनं कॅन खाली ठेवले, पुन्हा उचलले. "माफ करा, रायसोच्का. माझ्या जिभेला हाड नाही." "अहो, चांगलीच बातमी आहे," रायसा पावलिव्ना म्हणाली आणि कठडा धरून उठली. बातमी चांगलीच होती. सकाळी रेडिओवर ऐकल्यापासून ती स्वतःला हेच बजावत होती. उरलेले सगळे मजले उतरतानाही ती हेच म्हणत राहिली.

आर्सेन लिफ्ट दुरुस्त करायचा. युद्धाआधी नऊ वर्षं तो ह्याच शहरातल्या लिफ्टच्या शाफ्टमध्ये लोंबकळत होता. घरी आला की त्याच्या हातांना ग्रीसचा वास यायचा, आणि तो वास लिंबानं जातो असं कोणीतरी सांगितल्यामुळे तिच्या स्वयंपाकघरात कापलेलं लिंबू कायम पडलेलं असायचं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं दाराआडून त्याला शिव्या घालायची आणि तो बाहेरून त्यांना विनोद सांगायचा. "आई, माणूस अडकला ना, की त्याला दोनच गोष्टी हव्या असतात. कोणीतरी येतंय एवढं कळायला हवं, आणि तो कधी येणार ते कळायला हवं. पहिली गोष्ट मी लगेच सांगतो. दुसरीबद्दल नेहमी खोटं बोलतो." हे सांगून तो हसायचा. हसताना त्याचा एक खांदा वर जायचा, त्याच्या बापाचा जायचा तसाच. बाप तो चार वर्षांचा असतानाच दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला होता. ह्या पोरानं त्याला धड पाहिलंही नव्हतं, तरी खांदा मात्र त्याचाच उचलला.

शेवटचं बोलणं मार्चमधलं. आघाडीवर बर्फ वितळून सगळा चिखल झाला होता, आणि त्याच्या आवाजामागे कोणीतरी चमच्यानं डबा खरवडत होतं. "आज चार मिळाले, आई," तो म्हणाला. "त्यातले दोन धुराचे." गोळे मोजून मिळत होते, हे तिला ठाऊक होतं. हिवाळाभर सगळ्या देशालाच ठाऊक होतं. युरोपनं वसंतापर्यंत जेवढे द्यायचं कबूल केलं होतं त्याच्या निम्मेही आले नव्हते. समुद्रापलीकडचे लोक आपापसांत भांडत होते, आणि समोरून एकाला दहा येत होते. "धुराचे म्हणजे रे?" तिनं विचारलं. "म्हणजे समोरच्यांना जरा खोकला येईल. त्यांना औषध घ्यायला लागेल. त्यांचा खर्च वाढेल. असंच जिंकायचं असतं युद्ध." तो हसला आणि तीही हसली, मोठ्यानं, स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून. रात्री-अपरात्री तिला छळायचं ते हे हसणं. त्याचा मृत्यू समजण्यासारखाच नव्हता, म्हणून तो तिला अजून नीट छळतही नव्हता. ते हसणं मात्र तिला पुरतं समजत होतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पुढच्या खंदकातले पायदळातले लोक वायरलेसवर मदत मागत होते. तोफेपाशी काहीच उरलं नव्हतं. कॅप्टन म्हणाला, थांबा, येतील. आर्सेन म्हणाला, शेजारच्या तुकडीकडे असतील, उसने आणतो. देम्यान तापानं फणफणला होता म्हणून गाडी त्यानंच घेतली. शेजाऱ्यांनी तीन दिले. परत येताना रस्त्यावर ड्रोननं गाडी टिपली. हे सगळं देम्याननं तिला अंत्यविधीच्या दिवशी, जेवणाच्या टेबलाशी, हातातला चमचा सरळ धरून सांगितलं होतं. गोळे गाडीतून फेकले जाऊन बाजूच्या चरात पडले होते, फुटले नव्हते. देम्याननं तापातच जाऊन ते उचलून आणले आणि त्याच दुपारी तिन्ही डागले. "त्या खंदकातले अकरा जण बाहेर पडले, मावशी. त्या तीन गोळ्यांवर." हे खरं होतं की तिच्यासाठी जुळवलेलं होतं, तिनं विचारलं नाही. अकरा हा आकडा तिनं फडक्यात गुंडाळून ठेवावा तसा मनात ठेवून दिला होता, आणि उघडून बघायची तिची छाती होत नव्हती.

जर्मन पाहुण्यांबरोबरची बैठक, जिथं तिनं दुभाषी म्हणून बसायचं होतं, तळघरात होती. नगरपालिका आता सगळ्या बैठका तळघरातच घ्यायची. पांढऱ्या रंगाचा हात दिलेल्या भिंती, जनित्राची घरघर, लांब टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि बशांतून चेरीच्या कचोऱ्या. दारात कुलिबाबा उभा होता. ओलेक्सी कुलिबाबा, पाहुण्यांचं सगळं बघणारा, आडव्या अंगाचा, चाळिशीचा. सत्तावीस वर्षांपूर्वी तो तिच्या जर्मनच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि काठावर पास व्हायचा. अजूनही तिच्यासमोर आला की तो हात खिशातून बाहेर काढायचा.

"बाई, बसून घ्या आधी. चेहरा का असा झालाय?"

"लिफ्ट बंद आहे. नऊ मजले."

"आज नको म्हणाला असतात तर मी दुसऱ्या कोणाला तरी—"

"कोणाला? तू करणार होतास जर्मन?"

"मी केलं असतं तर आजच युद्ध पुकारलं असतं त्यांनी," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "बाई, ह्या माणसाचं तिथल्या समितीत वजन आहे. विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा विषय पुढच्या महिन्यात त्यांच्यापुढे येतोय. गोड राहायचंय आपल्याला."

पाहुण्याचं नाव हार्टमूट ब्रेंडेल. उंच, वाकलेला, पासष्टीचा माणूस. डाव्या कानानं त्याला ऐकू यायचं नाही, म्हणून तिला त्याच्या उजवीकडे, अगदी जवळ बसावं लागलं. ती बोलू लागली की तो मान तिरकी करून कान पुढे करायचा, एखाद्या लहान मुलाचं गुपित ऐकावं तसा. त्याच्या कोटाला नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास होता. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर बरं झालं असतं, असं तिला पहिल्या पाच मिनिटांतच वाटलं. त्यानं भुयारी रेल्वेतली शाळा पाहिली होती. तिथं फलाटाशेजारच्या खोलीत बेरजा करणारी मुलं पाहून त्याचे डोळे भरले होते, आणि ते सांगतानाही पुन्हा भरले. मग तो हळूहळू, वाक्य तोलत बोलू लागला. "आमच्या गावात बायका मला बाजारात अडवतात. विचारतात, हे युद्ध आमच्या दारात आलं तर? मी आता त्यांना सांगतो, तिथं अडवलं नाही तर येईलच. पण हे मला आता कळतंय. हिवाळ्यात मी स्वतः म्हणालो होतो, घाई नको, थांबून बघू. दोन महिने आम्ही थांबलो."

दुभाष्याचा नियम असा, की समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. पुरुष असेल तर क्रियापदही पुरुषाचंच. तीस वर्षं ती हे विचार न करता करत आली होती. ट्रॅक्टर विकणारे, शल्यविशारद, एकदा तर एक बिशप, सगळ्यांचा 'मी' तिच्या तोंडातून गेला होता आणि मागे काही उरलं नव्हतं. आता तिनं तोंड उघडलं आणि तिला ऐकू आलं, "हिवाळ्यात मी स्वतः म्हणालो होतो, घाई नको, थांबून बघू." टेबलाभोवतीची आठ माणसं तिच्याकडे बघत होती. ब्रेंडेलकडे कोणीच बघत नव्हतं. "दोन महिने आम्ही थांबलो," ती म्हणाली. तिनं पाणी घेतलं. दोन महिने, म्हणजे जानेवारीपासून धरले तर मार्च येतो. मार्चमध्ये चिखल. चिखलातला रस्ता. आणि बाजारातल्या त्या बायका, ज्यांनी ह्याला अडवलं, त्यांच्या पिशव्या, त्यांच्या पिशव्यांतल्या भाज्या, त्यांच्याही घरी असलेली पोरं, त्यांची भीती. ती भीती खरीच असणार. कुठल्याच आईची भीती खोटी नसते. फक्त ही माणसं ती भीती मोजायला बसली तेव्हा कोणाच्या तरी हातात चार गोळे होते आणि त्यातले दोन धुराचे होते.

कुलिबाबा आभार मानायला उभा राहिला. हातात कागद होता. त्याच्या घरावर मागच्या वर्षी क्षेपणास्त्र पडलं होतं, बायको पोलंडमध्ये होती, आणि दोन वर्षं तो असे कागद वाचत आला होता. आजही त्यानं नीट वाचला: आपल्या देशाचे ऋण, आपली मैत्री, एकाच घराचं छप्पर. वाचून झाल्यावर तो बसायला हवा होता. बसला नाही. त्यानं कागदाची घडी घातली आणि खाली बघत म्हणाला, "पण एक सांगतो. फार उशीर झाला." एवढंच. मग बसला.

ब्रेंडेलनं कान पुढे केला. जर्मनमध्ये ह्याला दोन वाटा आहेत. एक शब्द आगगाडी उशिरा येते तेव्हाचा. गाडी मागे पडली पण आली, माणसं चढली, जिथं जायचं तिथं गेली. दुसरा, फलाटावर कोणी उरलेलंच नाही तेव्हाचा. कुलिबाबा कुठला म्हणाला होता ह्यात शंका नव्हती. शब्द तिच्या ओठांपर्यंत आलाच होता. तो बाहेर पडला असता तर ह्या माणसाचा चेहरा कसा पडेल, हेही तिनं क्षणभर पाहिलं, आणि ते बघायची तिला अशी भूक लागली की तिची तिलाच लाज वाटली. मग तिला देम्यान आठवला. देम्यान आणि ट्रक. हा ट्रक संपेल. महिन्यात, नाहीतर दोन महिन्यांत. मग दुसरा लागेल.

"मदत पोचली, थोडी उशिरा," तिनं ब्रेंडेलच्या कानात सांगितलं, पहिला शब्द वापरून.

त्यानं समजूतदारपणे मान हलवली. "हो," तो म्हणाला. "खरं आहे."

जेवणाला वरच्या मजल्यावर नेलं, कारण खाली सगळ्यांना जागा पुरेना. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. कोणी उठलं नाही. ब्रेंडेल उठायला गेला आणि सगळे बसलेत हे बघून लाजून पुन्हा बसला. सूप गरम होतं. तो तिच्याशी बोलू लागला, आता दुभाष्याशी नाही तर एका बाईशी. तिचं जर्मन किती सुंदर आहे, कुठं शिकलात, आणि मग, भाकरीचा तुकडा मोडत, "तुम्हाला मुलं आहेत?"

"एक. मुलगा."

"इथेच?"

"तोफखान्यात आहे," ती म्हणाली. हे वाक्य तिनं ठरवलं नव्हतं. ते वर्तमानकाळात आलं, सवयीनं आलं, आणि एकदा आल्यावर ते इतकं सुरेख उभं राहिलं की तिला ते पाडवेना. शेहेचाळीस दिवसांत पहिल्यांदाच तो कुठेतरी होता.

ब्रेंडेलचा सगळा चेहरा उजळला. त्यानं चमचा ठेवला आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे तळहात कोरडे आणि उबदार होते. "मग त्याला सांगा," तो म्हणाला, आणि कान बहिरा असलेली माणसं बोलतात तसा फार मोठ्यानं म्हणाला, "त्याला सांगा, आता येतंय. आता आम्ही थांबणार नाही. सांगाल ना?"

"सांगते," ती म्हणाली.

टेबलाच्या टोकाला कुलिबाबा घास तसाच ठेवून तिच्याकडे बघत होता. जर्मन त्याला येत नसलं तरी 'मुलगा' एवढा शब्द कोणालाही कळतो.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर तो तिला बाहेर गाठायला आला. फुटपाथवर प्रत्येक दुकानापुढे जनित्र धडधडत होतं, त्यामुळे त्याला जवळ येऊन बोलावं लागलं. "बाई, तुम्ही त्याला सांगितलंत आर्सेनचं?"

"जिवंत आहे म्हणून सांगितलं."

त्यानं सिगारेट काढली, पेटवली नाही.

"तो रडला असता, ओलेक्सी. चांगला माणूस आहे, नक्की रडला असता. रडलेला माणूस घरी जातो, बायकोला सांगतो, आणि मोकळा होतो. हा आनंदानं गेलाय. आणखी चार जणांना सांगेल."

"आणि ते दुसरं?"

"कुठलं दुसरं?"

"उशिराचं. बाई, मी शाळेत रोज उशिरा यायचो. दारात उभं राहून तुम्ही माझ्याकडून 'मला फार उशीर झाला' हे एकच वाक्य म्हणवून घ्यायचात. जर्मनमधलं तेवढंच एक वाक्य मला येतं. आज ते तुम्ही म्हणाला नाहीत."

तो रागावला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण त्यानं पुढे होऊन तिच्या हातातली बुटांची पिशवी घेतली, ट्रामच्या थांब्यापर्यंत शेजारून चालला, आणि ट्राम आल्यावर पिशवी परत देताना खाली बघत म्हणाला, "मीही म्हणालो नसतो. मागाहून लक्षात आलं."

ती घरी गेली नाही. ट्राममधून शेवटपर्यंत गेली, आणि तिथून शहराच्या टोकाच्या दफनभूमीकडे चालत. फाटकाशी एक म्हातारी लायलॅकच्या फांद्या विकत होती. तिनं न विचारताच, गेलेल्यांसाठी देतात तशा सम संख्येत, सहा, काढून दिल्या. गेल्या वेळेपेक्षा थडग्यांवरचे झेंडे वाढले होते. वारा सुटला होता, आणि इतके झेंडे एकदम फडफडले की तो आवाज पाण्यासारखा येतो, कुठेतरी जवळच मोठी नदी आहे असं वाटतं. आर्सेनच्या शेजारच्या थडग्याशी तोन्या घडीच्या स्टुलावर बसली होती. बेकरीत काम करणारी ही जाडजूड बाई दर एक दिवसाआड यायची आणि आपल्या मुलाशी, ल्येवशी, मोठ्यानं बोलायची. तो दोन वर्षांपूर्वी, अगदी पहिल्या आठवड्यात गेला होता. सामन्यांचे निकाल, पिठाचा भाव, बहिणीचं लग्न मोडलं ते, सगळं ती त्याला सांगायची.

"आलीस? ये, बस," तोन्या म्हणाली. "मी आत्ताच माझ्याला सांगितलं. म्हटलं, ल्योवा, मिळाले बाबा एकदाचे गोळे. तू सांगितलंस का तुझ्याला? तोफेवरचा ना गं तो? त्याला पहिलं कळायला हवं."

"सांगते," रायसा पावलिव्ना म्हणाली. आज दुसऱ्यांदा.

तिनं फांद्या ठेवल्या. फोटोच्या काचेवरची धूळ बाहीनं पुसली. लष्करानं लावलेला तो फोटो ओळखपत्रावरचा होता, त्यात खांदा उचललेला नव्हता. इथं बोलायचं म्हटलं की तिची नेहमी एक अडचण व्हायची. तो लहान होता तेव्हा ह्या शहरातल्या बहुतेक घरांत बोलायचे तीच भाषा त्यांच्या घरात होती, सीमेपलीकडची. त्याचं बारसं, त्याचा गोवर, त्याला झोपवायला म्हटलेलं सगळं त्या भाषेत होतं. पहिला बॉम्ब पडला त्या आठवड्यात आर्सेन म्हणाला, आई, आता पुरे, आणि दोघांनी एका दिवसात ती सोडली. तो अडखळायचा आणि ती त्याला सुधारायची. नव्या भाषेत त्यांचं दोन वर्षांचं बोलणं होतं, तेही बरंचसं फोनवरचं. उरलेली सत्तावीस वर्षं ज्या भाषेत होती ती आता त्याला मारणाऱ्यांची होती, आणि त्या आठवणींपाशी जायचं तर तिच्याच दारातून जावं लागायचं.

काय सांगायचं ते साधं होतं. गोळे आले. दोन शब्द. बिशपचे शब्द तिनं इकडून तिकडे नेले होते, आज तर ज्या माणसानं थांबायला सांगितलं त्याचेही नेले होते. पण तिला तिच्या पोराची सवय माहीत होती. बातमी सांगितली की तो आधी विचारायचा, किती? आणि मग, कधी? ह्या 'कधी'ला ती काय उत्तर देणार? शेहेचाळीस दिवसांनी, बाळा? तू उसने आणायला गेला नसतास, कॅप्टनचं ऐकून थांबला असतास, तर आज पहाटे तूही उतरवले असतेस, असं? तो तिथं पडला होता तो एका गोष्टीवर विसंबून, की काहीच नव्हतं, म्हणून जावं लागलं. तेवढीच एक गोष्ट त्याच्या अंगाखाली होती. ती कशी काढून घ्यायची?

"सांगितलंस का गं?" मागून तोन्यानं विचारलं.

रायसा पावलिव्ना मातीवर गुडघे टेकून पुढे वाकली, तोन्याला ऐकू जाऊ नये इतकी. आणि त्याच्या लहानपणच्या भाषेत, हळू आवाजात म्हणाली, "अजून काही आलं नाही, आर्सिक. अजून सगळे वाटच बघताहेत."